मंगळवारच्या बाईच्या नावे

लिहून ठेवणार: बेलार्मिनो तेओदोरो केइरोगा, वय वर्षे एक्याऐंशी, विधुर, मूलबाळ नाही, धंदा पूर्वी घड्याळदुरुस्ती व हल्ली घड्याळाकडे बघत बसणे, राहणार पेद्रा मान्सा, राज्य मीनास जेराइस, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतले निळ्या दाराचे घर.

हे मी माझ्या हाताने, माझ्या दौतीतल्या शाईने व राजीखुशीने लिहीत आहे. कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझी धाकटी बहीण इदालिना हिला गेली साठ वर्षे शंका आहे, परंतु वकील दोतोर आमिल्कार सांगतात की बहिणीची शंका कायद्यात धरत नाहीत. उजव्या कानाने कमी ऐकू येते. डावा शाबूत आहे, पण त्याचा उपयोग मी नीट केला नाही. ते पुढे येईल.

दोतोर आमिल्कार यांनी मला पहिल्याच ओळीत "मी मेल्यानंतर" असे घालायला सांगितले. मी म्हटले, "दोतोर, ते खोटं होईल. आम्ही मरत नाही, देह सोडतो."

ते म्हणाले, "सेउ बेलार्मिनो, तुम्ही काय हवं ते सोडा. पण कोर्टाला रीतसर मेलेला माणूस लागतो."

तेव्हा तडजोड म्हणून "माझा देह पडल्यानंतर" असे शब्द वापरले आहेत. त्यात कोर्टाचेही भागते आणि माझेही.

मी आत्मवादी ख्रिस्ती आहे. गावात आम्हाला "आत्मेवाले" म्हणतात, कोणी प्रेमाने, कोणी छातीवर क्रुसाची खूण करून. येशू हा आमचा थोरला भाऊ. तो वाट चालून पुढे पोचला, आम्ही मागून रखडत येतो आहोत. ही पृथ्वी म्हणजे शाळा आहे व एका जन्मात सगळे धडे होत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा नाव घालावे लागते. नापास झालेल्याला त्याच वर्गात बसवतात, पण खाली कधी ढकलत नाहीत. माणसाचा आत्मा पुढच्या खेपेला डुक्कर किंवा झुरळ होत नाही, हे मी इदालिनाला अनेकदा समजावले आहे. ती म्हणते, "तुझ्या बाबतीत देव अपवाद करील." माझा स्वतःचा अंदाज असा की मला याच वर्गात ठेवतील. सगळ्या विषयांत पास, ऐकणे या एका विषयात नापास.

कलम पहिले: देह. देह पडल्यावर त्याला माझा निळा कोट घालावा. काळे कोणी नेसू नये. आमच्या आत्मवादी केंद्रातल्या मंडळींनी एक प्रार्थना म्हणावी, ती लांबवू नये. इदालिना कॅथलिक आहे व सातव्या दिवशी चर्चमध्ये माझ्यासाठी मिस्सा लावल्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नाही. तिला मज्जाव करू नये. मी स्वतः येऊन मागच्या बाकावर बसेन. तिने मागे वळून बघू नये, नाहीतर किंचाळेल.

कलम दुसरे: मला शोधण्यास मनाई. माझी बायको एर्मिनिया हिने एकोणिसशे एकोणऐंशी साली देह सोडला. त्यानंतर दहा वर्षे या गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलीच्या पाळण्यात मी वाकून पाहिले. एर्मिनियाच्या हनुवटीवर खळी होती. खळीवाली मुलगी दिसली की मी तिच्या आईला फुकट घड्याळ दुरुस्त करून देत असे. आमची शिकवण सांगते की मागचा जन्म विसरणे ही देवाची दया आहे, ती कोणी उसवू नये. हे मी दर गुरुवारी केंद्रात लोकांना सांगायचो आणि शुक्रवारी पाळण्यात वाकायचो. एर्मिनिया आली असेल तर आता सोळा वर्षांची असेल व चौकात व्हॉलीबॉल खेळत असेल. तिला खेळू द्यावे. ताकीद अशी: माझ्या मागे या गावात एखादे मूल घड्याळे उघडू लागले, तर "बेलार्मिनो आला" म्हणून त्याच्या गळ्यात माझे नाव अडकवू नये. त्याला फक्त चिमटे द्यावेत आणि बोटे सांभाळायला सांगावे.

याच ओघात मी दोतोरांना विचारले होते की पुढच्या जन्मातल्या स्वतःलाच काही ठेवता येते का. निदान माझे भिंग. ते म्हणाले, "ओळखपत्र काय दाखवाल?" सबब तो विचार सोडला.

कलम तिसरे: हत्यारे. माझे छोटे लेथ, सतरा चिमटे, भिंग व सुट्या चाकांचे अठ्ठेचाळीस डबे इदालिनाचा मुलगा वाल्दिर यास. वाल्दिर मोटारसायकली दुरुस्त करतो व रविवारी टेकडीवरच्या प्रार्थनामंदिरात पाद्री असतो. माझा मामा सैतानाशी बोलतो, असे त्याने भर सभेत सांगितले आणि त्याच संध्याकाळी मला कोंबडीचे सूप घेऊन आला. सूप उत्तम होते. वाल्दिर, बाळा, हे पाना-पक्कड नव्हे. श्वास रोखून धरायचा. आणि मी सैतानाशी एकदाही बोललेलो नाही. बोललो असतो तर त्यालाही समजावले असते.

कलम चौथे: बचत. पासबुकात जे असेल ते आमच्या केंद्राला, शनिवारच्या सूपासाठी व गरोदर बायांना आपण जे बाळंतविडे शिवून देतो त्यांसाठी. सूपात भोपळा जास्त आणि मांस कमी असते ही माझी जुनी तक्रार आहे. ती आता दूर करावी.

कलम पाचवे: खुर्ची. मंगळवारच्या बैठकीच्या टेबलाच्या डोक्याशी असलेली खुर्ची माझी नाही, केंद्राची आहे, म्हणून ती कोणाला देता येत नाही. मी ती परत करतो. तिच्यावर क्लिमेरियो याने बसावे, अशी माझी शिफारस आहे. क्लिमेरियो हा गावचा न्हावी. दहा वर्षांपूर्वी मी त्याला त्या टेबलावरून उठवून सूपाच्या पातेल्याशी नेऊन उभा केला. तो बिचारा तेव्हापासून ढवळतो आहे. माझी दाढी मात्र त्याने कधी चुकवली नाही. वस्तरा माझ्या गळ्याशी असूनही त्याने तो विषय काढला नाही, यावरून त्याचा आत्मा कोणत्या वर्गात आहे ते समजावे. तो तेव्हा बरोबर होता. कशाबद्दल, ते पुढच्या कलमात लिहितो. हे कलम लिहायला मला चार वर्षे लागली.

कलम सहावे: दाल्विना. दाल्विना प्रातेस, वय बावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा बाप ओनोरियो अंगावरून वारे गेल्यामुळे चौदा वर्षे पलंगावर होता. त्याची सेवा तिने एकटीने केली. बापाला माणसे खपत नसत, म्हणून नदीपलीकडच्या त्या घराची पायरी कोणी चढत नसे. मंगळवारी संध्याकाळी तेवढी शेजारीण ओनोरियोपाशी बसायची आणि दाल्विना केंद्रात यायची.

मंगळवारचे आमचे काम असे. दार लावून सहा-सात जण टेबलाभोवती बसतात, एकच निळा दिवा असतो, मध्ये पाण्याचा तांब्या. ज्यांना ती देणगी आहे ते डोळे मिटतात व त्यांच्या तोंडून तळमळणारे आत्मे बोलतात. त्यांची समजूत घालणे हे माझे काम. चाळीस वर्षे केले. पुष्कळांना आपण देह सोडला आहे हेच ठाऊक नसते. घरात फिरत राहतात, कोणी आपल्याशी बोलत नाही म्हणून चिडतात. त्यांना सांगावे लागते, हळू, चटका न बसेल असे.

दाल्विनाला मीच तयार केले होते. तिच्यासारखी देणगी मी दुसरी पाहिली नाही, असे मी चारचौघांत सांगत असे. शहाऐंशी सालच्या एका मंगळवारी तिच्या तोंडून एक बाई बोलू लागली. आवाज दाल्विनाच्या आवाजापेक्षा जाड. नाव सांगेना. म्हणाली:

"मी एका घरात कोंडलेय. दिवसभर रांधते. जेवलीस का, म्हणून एक माणूस विचारत नाही. पलंगावर एक जण आहे, तो मला जाऊ देत नाही. घड्याळसुद्धा खोटं बोलतं. तीन वाजता चार टोले देतं."

मी मनात म्हटले, ही नवखी दिसते. परलोकात काळाचा हिशेब सुटतो, त्यामुळे तिला टोले चुकीचे ऐकू येतात. मी म्हटले, "ताई, ऐका. तुम्ही देह सोडला आहे."

"मी मेले?"

"मरत कोणीच नाही. पण ते घर आता तुमचं नाही. त्या माणसाकडून काही मागू नका."

"पण मला भूक लागलीय."

"भूक ही नुसती आठवण आहे, ताई. देहच नाही तर भूक कसली?"

ती रडली. सगळे टेबल रडले. मला वाटले, आज चांगले काम झाले.

ती पुन्हा आली. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. सहा वर्षे. इतर आत्मे दोन-तीन खेपांत शांत होत, ही होत नव्हती. पहिल्याच वर्षी क्लिमेरियोने एकदा बैठक संपल्यावर मला बाजूला घेतले. म्हणाला, "भाऊ, राग धरू नका. ही बाई मेलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही इथेच बसलीय. आताच तांब्यातलं पाणी वाटत होती."

बोलणाऱ्याचा स्वतःचाच आत्मा कधी कधी तोंडून बोलू लागतो, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. नवशिक्यांचे असे होते. त्यात पाप नाही, पण माझी दाल्विना नवशिकी नव्हती. मी क्लिमेरियोला म्हणालो, "वस्तरा चालवणं वेगळं आणि आत्मा ओळखणं वेगळं." आणि दुसऱ्याच आठवड्यात समितीला सांगितले की क्लिमेरियोच्या शंकेने टेबलाची शांती बिघडते. त्याला सूप मिळाले.

खरी कारणे दोन होती. एक गर्व, ते उघड आहे. दुसरे लिहायला हात अडखळतो आहे, पण मृत्युपत्रात संकोच कसला. मला ती मंगळवारची बाई आवडत असे. मी सोमवारी केस कापून घ्यायचो. ती म्हणायची, "तुमच्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नाही," आणि मी एकाहत्तर वर्षांचा घोडा आतून उजळून निघायचो. निळ्या दिव्यापलीकडे दाल्विना बसलेली असायची, मी तिच्यातून आरपार बघायचो. बाई आवडायची आणि दाल्विना दिसत नव्हती, असा मी शहाणा.

ब्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये ओनोरियोचे भिंतीवरचे घड्याळ बंद पडले. घड्याळ घराबाहेर जाणार नाही आणि दुरुस्ती माझ्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे, असा त्याने आरडाओरडा केला, म्हणून दाल्विना मला बोलवायला आली. मी प्रथमच त्या घरात गेलो. चाके पुसली, तेल दिले, लंबक सोडला. काटे तीनवर आणले.

घड्याळाने चार टोले दिले.

पलंगावरून ओनोरियो म्हणाला, "ते तसंच आहे. राहू दे."

स्वयंपाकघरातून दाल्विना म्हणाली, "सेउ बेलार्मिनो, कॉफी टाकलीय." तिचा तो आवाज मी सहा वर्षे ऐकत आलो होतो, पण मंगळवारच्या आवाजाशी कधी लावून पाहिला नव्हता.

टोले पुढे गेलेले असणे हा घड्याळाचा किरकोळ दोष आहे. टोल्यांचे चाक एक घर पुढे सरकलेले असते. दोन मिनिटांचे काम. माझ्या हातांनी ते सवयीने करून टाकले, मी त्यांना सांगितले नव्हते. कॉफी प्यालो. चटका बसला तरी बोललो नाही. घरी आलो.

पुढच्या मंगळवारी ती बाई आली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलका होता. म्हणाली, "घड्याळानं तीनला तीन वाजवले. कोणीतरी आलं होतं. आमच्या घरी कोणीतरी आलं होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ठाऊक होते कोण आले होते. मी एवढेच म्हणायला हवे होते की, दाल्विना, मी आलो होतो. मी म्हणालो, "ताई, तुम्ही देह सोडला आहे. ते घर विसरा. पुढे जा."

 ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती कधी आली नाही. केंद्रात मंडळींनी देवाचे आभार मानले, एक आत्मा मुक्त झाला म्हणून. मीही हात जोडले.

सहा वर्षांची चूक अज्ञानाची होती, ती देव पोटात घालील. पण त्या मंगळवारची चूक जाणूनबुजून केलेली आहे. एका जिवंत बाईला, ती जिवंत आहे हे माहीत असताना, मी पाच माणसांसमोर मेलेली ठरवले, कारण माझी लाज वाचवायची होती.

आणि तिने ते ऐकले. ओनोरियोने चौऱ्याण्णव साली देह सोडला. आम्हाला वाटले, आता दाल्विना मोकळी झाली. ती पूर्वी पातेली घासताना गायची, ते थांबले. चांगले कपडे बाळंतविड्यांच्या शिवणकामाला फाडून दिले. भाकरीवाल्या नेस्तोरने तिला जत्रेला चल म्हटले, तर म्हणाली, "माझं आता काय राहिलंय." गेल्या महिन्यात तिने सांगितले की ईस्टरनंतर ती दूरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात कायमची राहायला जाणार, तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. सगळे म्हणाले, केवढा त्याग. मी विचारले, "दाल्विना, तुला हे मनापासून हवंय का?" ती म्हणाली, "मला काही हवं असण्याचे दिवस गेले, सेउ बेलार्मिनो." ते शब्द माझे आहेत. ते मीच तिला महिन्याला एकदा, सहा वर्षे पाजलेले आहेत.

कलम सातवे: घर. माझे स्वसंपादित निळ्या दाराचे घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, मागच्या पेरूच्या झाडासह व भिंतीवरच्या नऊ घड्याळांसह, दाल्विना प्रातेस हिला. अट काहीही नाही. तिथे तिने कोणाचीही सेवा करू नये अशी अट घालणार होतो, पण दोतोर म्हणाले की अशी अट टिकत नाही, आणि मलाही पटले की तिला काय करायचे ते सांगण्याचा माझा कोटा संपला आहे. या घरावर कोणी हक्क सांगू नये किंवा तंटाबखेडा करू नये. कोणी म्हणेल की म्हाताऱ्याचे तिच्याशी काहीतरी असणार. होते. मला ती फार प्रिय आहे. मी ते तिला कळू दिले नाही, स्वतःलाही नाही.

येथपर्यंत शुक्रवारी लिहिले आणि पेन ठेवले. शनिवारी सकाळी वाचून बघितले. चाळीस वर्षे त्या टेबलाशी मी जे ऐकले, त्यातला बारा आणे भाग एकच होता: बोलायचे राहून गेले. बायकोला सांगायचे राहिले, भावाची माफी मागायची राहिली. मी प्रत्येकाला मोठ्या शहाणपणाने म्हणायचो, "अहो, देहात होतात तेव्हाच बोलायचं ना." आणि आता मी स्वतः माझे बोलणे लाखेने बंद करून ठेवतो आहे, देह पडल्यावर उघडायला. तोवर ती त्या आश्रमात जाऊन पोचलेली असेल. मग मला येऊन कोणाच्या तरी तोंडून रडावे लागेल, आणि माझी समजूत घालायला पुन्हा एखादा बेलार्मिनोच बसलेला असेल.

कायद्याने हे पत्र पाच साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे लागते. सबब कलम आठवे: हे वाचन रविवारी साडेअकराला माझ्या घरी होईल व त्यास दाल्विना हजर राहील. मी तिला निरोप दिला आहे.

वाचनाची नोंद. आज रविवारी मी हे पत्र पहिल्या शब्दापासून वाचले. पाचही साक्षीदार हजर होते. इदालिनाने कोंबडी-भेंडी व मक्याच्या पिठाचे अंगू करून आणले होते, आणि झाकण उघडून वास सोडल्यामुळे कलम तिसऱ्यापर्यंत कोणाचेही लक्ष नव्हते. दाल्विना खिडकीशी बसली होती. कलम पाचवे झाले तेव्हा क्लिमेरियो टोपी चुरगळत म्हणाला, "असू द्या हो, सूपही काही वाईट नव्हतं." कलम सहावे मी कागद डोळ्यांजवळ धरून वाचले. 

"बरं" या शब्दापाशी दाल्विना उठली व आत स्वयंपाकघरात गेली. मी वाचत राहिलो, कारण दोतोरांनी खूण केली की मध्ये थांबलो तर पहिल्यापासून वाचावे लागेल. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड वाचन. संपले तेव्हा ती दारात येऊन उभी होती.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तुम्ही माझ्या हातची कॉफी प्यालात आणि गप्प राहिलात?"

"हो."

"मी मेले का असं मी विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"तुम्हाला लाज नाही वाटली?"

"लाज वाटली म्हणूनच गप्प राहिलो, पोरी."

इदालिना म्हणाली, "मी तर साठ वर्षं सांगतेय, याचं डोकं—"

"तुम्ही थांबा, दोना इदालिना," दाल्विना म्हणाली. इदालिनाला कोणी थांबवलेले मी आजवर पाहिले नव्हते.

मग दाल्विना माझ्यासमोर येऊन बसली. डोळे भरलेले होते, पण आवाज नव्हता बदलला. तो मंगळवारचा होता आणि तिचाच होता. ती म्हणाली, "ती बोलायची तेव्हा मला माझ्या आत बसून सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं, बिचारी. किती माझ्यासारखं आहे हिचं. घरी जाऊन मी तिच्यासाठी प्रार्थना करायची. अजून करते. रोज. देवा, त्या बाईला कोणीतरी जेवायला वाढू दे."

इदालिनाने उघडलेले झाकण परत पातेल्यावर ठेवले.

"मग ती प्रार्थना," तिने विचारले, "ती गेली कुठं?"

चाळीस वर्षे मी या लोकीच्या आणि त्या लोकीच्या प्रश्नांना उत्तरे दिली आहेत.  या खेपेस मी एवढेच विचारले, जे दहा वर्षांपूर्वी पहिल्याच मंगळवारी विचारायला हवे होते.

"दाल्विना, तू जेवलीस का?"

ती आधी हसली आणि मग रडली, का उलट, ते मला सांगता येणार नाही. माझ्या हातावर तिने एक चापटी मारली, ती बरीच जोरात होती. मग म्हणाली, "आश्रमाला पत्र मी लिहीन. काय लिहायचं ते मी ठरवीन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी बोललो नाही. दोन्ही कानांनी ऐकले.

तिने सही करण्यासाठी पेन मागितले. दोतोर आमिल्कार म्हणाले की ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, तिची सही पत्रावर चालणार नाही. ती म्हणाली, "मग पत्राच्या बाहेर करते." दोतोरांनी खाली एक रेघ ओढून दिली व म्हणाले की रेघेखाली काय होते ते कायदा बघत नाही.

वरील सर्व मजकूर माझा, खाडाखोड कलम सातव्यात एक, ती मीच केलेली.

ठिकाण पेद्रा मान्सा, निळ्या दाराचे घर. रविवार, दिनांक २४ मार्च १९९६, दुपारचे साडेबारा, घड्याळ माझेच, बरोबर आहे.

(सही) बेलार्मिनो तेओदोरो केइरोगा

आमच्यासमक्ष वाचले, आम्ही ऐकले:
१. आमिल्कार सेराफिम लोबातो, वकील
२. क्लिमेरियो दास नेवेस, न्हावी
३. नेस्तोर काल्देइरा, भाकरीवाला
४. झेनाइदे फोन्तोरा, औषधांचे दुकान
५. एवारिस्तो पिन्येइरो, चर्चचा घंटावाला, आत्म्यांबद्दलचा मजकूर मान्य नाही, बाकी मान्य

—————

मी दाल्विना प्रातेस. साक्षीदार नाही, नुसती हजर आहे. सगळं ऐकलं. मी देह सोडलेला नाही. मला भूक लागली आहे.